एका खणाची चूक

आमच्या क्लासच्या नव्या इमारतीत परवा प्रत्येक मजल्यावर एकेक नकाशा लागला. आग लागली तर मुलांनी कुठून बाहेर पडायचं ते दाखवणारा, हिरव्या बाणांचा. नांदेडात आता अशा इमारतींची वानवा नाही आणि असे नकाशे कुणी थांबून बघतही नाही. मी तिसऱ्या मजल्यावर भौतिकशास्त्र शिकवतो. दोन तासांच्या मधल्या वेळेत चहाचा कप घेऊन त्या नकाशापुढे उभा राहिलो आणि माझं बोट आपसूक कागदावरून चालायला लागलं. जिना, बोळ, पहिला वर्ग, दुसरा वर्ग, ऑफिस. दुसरा वर्ग आणि ऑफिस यांच्यामध्ये एक अरुंद पांढरी पट्टी होती. तिला नाव नव्हतं आणि दारही नव्हतं. शिपायाला विचारलं तर म्हणाला, "पायपाची जागा हाय ती सर, वरपासून खालपर्यंत पोकळ. तुमाला काय करायचंय तिथं?" खरंच, मला काय करायचं होतं? पण चहा हातात तसाच गार झाला. तासाची घंटा मला ऐकूच आली नाही, शेवटी मुलं बोलवायला आली.

नकाशातली रिकामी जागा बघून जी तिथंच अडकून राहतात अशी माणसं जगात फार नसावीत. तुम्ही त्यांतले असाल तर तुम्हीही कधीकाळी तो खेळ खेळलेले असणार, ज्याला पट लागत नाही आणि सोंगट्याही लागत नाहीत. एक जण आलेखाच्या कागदावर भुयार आखतो, त्यातल्या खोल्यांना आकडे देतो, कोणत्या खोलीत काय आहे ते वेगळ्या वहीत लिहितो आणि दोन्ही दप्तराआड लपवून बसतो. बाकीचे हातात मशाली आहेत असं समजून त्या भुयारात उतरतात. समोर काय आहे ते तो सांगतो, कुठं वळायचं ते हे ठरवतात, आणि ऐकत ऐकत यांच्यातला एक जण आपल्या कागदावर पुन्हा तोच नकाशा काढत जातो. एकाच भुयाराचे दोन नकाशे, एक ठाऊक असलेल्याचा आणि एक चाचपडणाऱ्याचा. दोन्ही तंतोतंत जुळले की जो आनंद होतो तो मला नंतर कुठल्याच परीक्षेत झाला नाही, आणि परीक्षा मी आयुष्यभर देत आणि घेत आलो आहे.

चाचपडणाऱ्यांतला नकाशा माझ्याकडे असायचा. ही लातूरची गोष्ट, माझ्या बारावीची. भूकंपाला आठ-नऊ वर्षं झाली होती आणि गावात क्लासेसचं पीक जोमात होतं. ज्याच्या घरात एक जादा भिंत मावत होती त्यानं ती घातली आणि रूम भाड्यानं दिली. आमच्या घरमालकानं तर एका हॉलचे प्लायवूड मारून सहा तुकडे केले होते. शेजारचा मुलगा कूस बदलायचा तर आमच्या खोलीतलं कॅलेंडर हलायचं. नायगावहून माझे बाबा मला तिथं सोडून गेले, ते स्वतः जिल्हा परिषदेच्या शाळेत गुरुजी. जाताना माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "आता तू आणि पुस्तक. तिसरं काही नको." तिसरं काही त्याच खोलीत माझ्या आधीच येऊन बसलेलं होतं हे त्यांना कुठून कळणार?

तो माझा खोलीतला जोडीदार, निलंग्याकडच्या एका गावचा, भूकंपात सबंध आडवं झालेल्या. उंच, हडकुळा, बोलायला अगदी कमी. त्यानं दाराजवळची जागा धरली होती आणि ती कुणालाही देत नव्हता. भूकंपानंतर ही माणसं पत्र्याच्या शेडमध्ये राहत होती तेव्हा नव्या गावाची आखणी करायला आलेल्यांत बाहेरगावचा एक तरुण इंजिनियर होता. त्याच्याकडे या खेळाची एक झेरॉक्स केलेली इंग्रजी पुस्तिका होती. दिवसभर फीत धरून घरांच्या जागा मोजायच्या आणि काम सुटलं की शेडमधली पोरं जमवून हिंदीतून हा खेळ खेळायचा, असं त्याचं महिनोन्महिने चाललं. जाताना तो ती पुस्तिका या मुलाला देऊन गेला. रात्री डोळे मिटायला भिणाऱ्या लेकरांना त्यानं जमिनीखाली उतरायचा खेळ कशाला शिकवला असेल, हे मला तेव्हा कळलं नाही. मुलंच ते मागत असणार, असं आता वाटतं.

पुस्तिकेत राक्षस होते, सोन्याचे हंडे होते, कवट्या होत्या. माझ्या मित्राला त्यांत गोडी नव्हती, त्याचा जीव आखणीत. चांगलं भुयार कसं असावं यावर तो एरवीचं मौन सोडून तासभर बोलायचा. सगळे रस्ते एकाच खोलीकडे नेतील ते भुयार भिकार. वाटा एकमेकींना मिळाल्या पाहिजेत, एकीकडून शिरलेला माणूस भलतीकडून परत आला पाहिजे आणि त्याला आपणच हुशार आहोत असं वाटलं पाहिजे. खाली उतरायला एकाहून जास्त जागा हव्यात. एखादी खोली नुसतीच रिकामी हवी, कारण सगळ्याच खोल्यांत काहीतरी असलं की माणूस घाबरायचं सोडून देतो. पुस्तिकेत एक चौकोन म्हणजे दहा फूट होते. यानं ते बदललं. त्याच्या कागदावर एक चौकोन म्हणजे एक खण. आमच्याकडे घर खणांत मोजतात, दोन खांबांच्या मधली जागा म्हणजे खण, अमक्याचं पाच खणांचं, तमक्याचं सात खणांचं. त्याच्या भुयारात जमिनीतली धान्याची पेवं होती, जाड भिंतींच्या पोटातली बळदं होती, पायऱ्यांची बारव होती. सैतानाच्या देवळात शिरायची मला कधी भीती वाटली नसती. त्याच्या पेवाच्या तोंडाशी मात्र मी आधी उरलेल्या मशाली मोजायचो.

खेळायला तिसरा होता तो गंजगोलाईजवळच्या बाइंडिंगवाल्याचा मुलगा, आमच्याच वर्गातला. वडिलांच्या दुकानातले उरलेसुरले आलेखाचे कागद तोच आणायचा. वह्या शिवून, डिंकाचा वास अंगावर घेऊनच यायचा आणि आल्या आल्या विचारायचा, "मशाल किती बची रे?" कारण मशालीचा हिशोब कडक होता. काहीही करा, भिंत ठोका, दार उघडा, वीस पावलं चाला, एक पाळी गेली. सहा पाळ्यांत एक मशाल विझायची. आम्ही गयावया केली तरी माझा मित्र एका पाळीचीही सूट देत नसे. चोरदार शोधायचं तर कुठली भिंत ते नीट सांगायचं, मग तो लुडोचा फासा टाकायचा. एक पडला तर दार सापडलं, नाहीतर पाळी गेली. बाइंडिंगवाल्याचा पोरगा कुठलीही भिंत दिसली की तिला कान लावून बसायचा आणि मशाली संपवायचा. त्यावर मीच तोडगा काढला होता. उगाच सगळ्या भिंती ठोकायच्या नाहीत. नकाशा चोख काढत जायचं. चारही बाजूंनी वाटा आणि खोल्या आल्या, मध्येच कागद कोरा राहिला, तर समजायचं की तिथं काहीतरी आहे, जे त्यानं आपल्याला सांगितलेलं नाही. पहिल्यांदा मी असा कोरा चौकोन ओळखला तेव्हा मित्र इतका हसला की शेजाऱ्यानं प्लायवूडवर बुक्की मारली. "लई बेस," तो म्हणाला. "तू आला म्हणजे काय लपत न्हाई."

मी या वाक्यावर फार जगलो. कारण बाकी सगळीकडे माझं घसरून राहिलं होतं. दर रविवारी सकाळी चाचणी, बुधवारी यादी. यादीवरून तुकड्या पडायच्या. मी पहिल्या तुकडीतून दुसरीत गेलो, दिवाळीनंतर तिसरीत. तिसऱ्या तुकडीला पत्र्याच्या खोलीत बसवायचे आणि नवे सर यायचे. रविवारी संध्याकाळी मी एसटीडी बूथवरून शाळेशेजारच्या दुकानात फोन लावायचा, बाबा तिथं येऊन थांबलेले असायचे. "कितवा?" एवढंच विचारायचे. मी आकडा सांगायचा. मग, "बरं. जेवलास का?" ओरडले असते तर सोपं गेलं असतं. पुस्तक उघडलं की अक्षरं वळवळायची, परीक्षेत येणारी गणितं घरी सुटलेली असूनही मी कोरी सोडून यायचो. एकेका पहाटे वाटायचं की आपण इथून नाहीसंच व्हावं. हे कुणाला सांगायचं असतं हेसुद्धा मला ठाऊक नव्हतं. मला माझी अडचण नीट कळत नव्हती, म्हणून मी एक कारण शोधून काढलं. तो खेळ. खेळ बंद केला की सगळं सुरळीत होईल, असं मी मनाशी घट्ट धरून बसलो.

जानेवारीतल्या एका रविवारी दुपारी आम्ही गच्चीवर टाकीच्या सावलीत बसलो होतो. महिनाभर चाललेल्या भुयाराचा तो सगळ्यात खालचा मजला होता. मित्र त्या दिवशी वेगळाच होता, दर वळणावर माझ्या कागदाकडे बघत होता. मी मात्र सकाळच्या चाचणीत सतरा गणितं सोडून आलो होतो आणि संध्याकाळी बाबा फोनवर नाही, स्वतःच येणार होते. लवकर उरकायचं आणि हे शेवटचं असं सांगून टाकायचं, एवढंच डोक्यात. त्यानं वाट सांगितली, मी काढली. डावीकडं पेवाची खोली, उजवीकडं वाट, आणि दोन्हींच्या मध्ये एक खण रुंद, तीन खण लांब अशी जागा कोरी राहिली. बळद असतं तेवढीच. मला ती दिसली. खोटं कशाला बोलू, मी रेघ पुरी करण्याआधीच मला ती दिसली होती.

बाइंडिंगवाल्याचा मुलगा म्हणाला, "इधर कुछ तो बी है रे. मेरेकू ये दीवार च ठीक नै दिख रै. नकाशा देख ना तू."

मी नकाशा उलटा धरला, सुलटा धरला. ती भिंत तपासायची म्हणजे फासा, पाळ्या, तास दोन तास. मी म्हणालो, "काही नाही. माझाच नकाशा चुकलाय. एका खणानं."

आणि खोडरबर घेऊन मी ती वाट पुसली आणि एक चौकोन डावीकडे सरकवून पुन्हा काढली. कोरी जागा मिटली. माझ्या हाताची ती सफाई मला अजून आठवते, खडबडीत कागदावरून रबराचे काळे वेटोळे फुंकरीनं उडवले तेही.

मित्र म्हणाला, "चुकला?"

"हो."

"नीट बघ की एकदा."

"बघितलं. काही नाही तिथं. आपण परत वर जातो. आणि ऐक, मला आता हे बंद करायचंय."

मग त्यानं वही मिटली. "बरं," म्हणाला. बाइंडिंगवाल्याचा मुलगा माझ्यावर चिडून दोन दोन पायऱ्या एकदम उतरून गेला. संध्याकाळी बाबा आले, आम्ही खानावळीत जेवलो, त्यांनी माझ्या ताटात आपली भाकरी वाढली. मी सांगितलं की आता फक्त अभ्यास. त्यांचा चेहरा जरा उजळला.

बुधवारी क्लासहून परत आलो तर मित्राची गादी गुंडाळलेली होती. परीक्षेला दोन महिने राहिले असताना तो गावी निघून गेला होता. घरमालक म्हणाला, अभ्यास झेपेना म्हणाला पोरगा. माझ्या उशीवर त्यानं आपली ती वही ठेवली होती, महिनाभर दप्तराआड लपवलेली. मी खाली बसून वाचली. एकेक खोली, तिच्यापुढे त्याचं बारीक अक्षर. सातव्या खोलीत साप, तिसऱ्या पाळीला हलेल. बाराव्या खोलीचं छत धोक्याचं, दोघांहून जास्त शिरले तर पडेल. एकोणिसाव्यात पाणी, दर पाळीला वीतभर चढेल. सगळीकडे वेळ लावलेली, सगळीकडे उशिराची शिक्षा. तेविसावी खोली म्हणजे मी पुसलेली. तिच्यापुढे लिहिलं होतं: "आई. जिवंत. कितीही वेळ लागला तरी."

त्याची आई भूकंपात गेली एवढं मला माहीत होतं. आमच्या वर्गात अशी तीन-चार मुलं होती, त्यामुळे त्याबद्दल कुणी विचारत नसे. शनिवारी दुपारी मी वही घेऊन निलंग्याची एसटी धरली. नवं गाव सरळ रेघांत बसवलेलं, सगळी घरं सारखी, विचारत विचारत गेलो. तो ओट्यावर बसून ज्वारी निवडत होता. मला बघून त्याला आश्चर्य वाटलं नाही. "ये," म्हणाला. त्याचे वडील आतून पाणी घेऊन आले आणि परत आत गेले.

मी म्हणालो, "नकाशा चुकला नव्हता."

"ठावं हाय मला. तू खोडताना मी बघून राहिलो होतो."

मग त्यानं सांगितलं, सूप बाजूला न ठेवता, जुन्या गावाच्या दिशेनं एकदाही न बघता. गणपती बुडवून आला तो दमून बाहेर अंगणातच झोपला, म्हणून वाचला. सकाळी बाहेरगावची माणसं खणायला आली. तिथं घर कुठलं आणि गल्ली कुठली काही कळत नव्हतं, सगळी माती आणि दगड. त्यांनी या आठ वर्षांच्या पोराला विचारलं, आई कुठं झोपली होती? "मी म्हणलो, चौथ्या खणात. आमच्यात ढाळज सोडून मोजतेत. ढाळज म्हंजी दारातली बसायची जागा, तिला कोण खण धरतं? त्या मानसांनी धरली. त्यांना काय ठावं? तिसऱ्यात खणत बसले समदे. मधी एक भिंत. मला सांगायला पायजे होतं, ढाळज सोडून म्हणून. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत आवाज येत होता म्हणतेत."

मला एकच गोष्ट येत होती ती मी केली. म्हणालो, "मी परत खाली उतरतो. पेवाच्या खोलीच्या उजव्या हाताची भिंत. ती तपासतो."

त्यानं सूप खाली ठेवलं. मग आत जाऊन फासा आणला. ओट्यावर टाकला. चार. "न्हाई सापडलं," तो म्हणाला. "एक पाळी गेली." मी म्हणालो, पुन्हा. दोन. पुन्हा. सहा. पुन्हा. तो दर वेळी तितक्याच शांतपणे म्हणायचा, न्हाई सापडलं. मला हुंदका यायला लागला होता आणि तो फासा टाकत होता, हातात घोळवायचा, टाकायचा. मी म्हणालो, "लेका, एक पडला म्हण ना. कोण बघतंय?" तो म्हणाला, "मी बघून राहिलो ना."

तेवढ्यात फाट्यावर लातूरच्या शेवटच्या गाडीचा हॉर्न वाजला. उद्या रविवार, म्हणजे चाचणी. बाबांना शब्द दिलेला. मी उठून उभा राहिलो. उभा राहिलो हे मला कळलं ते त्याच्या चेहऱ्यावरून. त्यानं फासा मुठीत धरला.

"जा तू," तो म्हणाला. "परीक्षा हाय तुजी. मग ये कधी. खोली कुठं जात न्हाई."

मी पळत जाऊन गाडी धरली. दुसऱ्या दिवशीची चाचणी कशी गेली ते मला आठवत नाही, बारावीत मला डॉक्टर होण्याइतके मार्क पडले नाहीत, एवढं आठवतं. पुढे नांदेडला आलो, विज्ञान शिकलो, क्लासमध्ये लागलो. आता रविवारच्या चाचण्या मीच काढतो आणि बुधवारच्या यादीवर सही माझी असते. तिसऱ्या तुकडीला शिकवायला मी आपण होऊन जातो, पण ही काही फेड नव्हे, हे माझं मलाच ठाऊक. बाबा गेले. शेवटच्या आजारात त्यांनी विचारलं होतं, तुझ्या खोलीतला तो उंच मुलगा, त्याचं पुढे काय झालं रे? मी म्हणालो, बरं चाललंय त्याचं.

तसं चाललंयही. बाइंडिंगवाल्याचा मुलगा अजून लातुरात आहे, वर्षातून एखाददा फोन होतो. मित्र गवंडीकाम करता करता घरं बांधायची कामं घेतो, लग्न झालं, दोन मुली आहेत. "पूछता रहता तेरेकू," बाइंडिंगवाल्याचा मुलगा दर वेळी सांगतो. "कब आतै करके." मी म्हणतो, जायचंय रे, जायचंय. उन्हाळ्यात सुट्टी लागली की. नांदेडहून लातूर, लातूरहून निलंगा, दोन गाड्या. वीस वर्षांत माझ्याकडून तेवढं झालं नाही. भीती त्याची नाही वाटत. तो काही बोलणार नाही. आत जाऊन फासा घेऊन येईल, आणि मला भीती वाटते ती तो "न्हाई सापडलं" म्हणेल याची नाही, या खेपेला एक पडला तर ती खोली उघडून मला आत बघावं लागेल, याची.

माणूस असं धरून चालतो की राहिलेली गोष्ट राहिलेल्या जागी आपली वाट बघत थांबते. मीही याच भरवशावर इतकी वर्षं काढली. कितीही वेळ लागला तरी, हे त्याच्या हातचे शब्द मी कितीदा माझ्या सोयीनं स्वतःशी म्हणून घेतले असतील. अलीकडे चाळिशी जवळ आली, रात्री झोप कमी झाली, तेव्हा कुठे लक्षात आलं की ही सवलत त्यानं भिंतीच्या आतल्या माणसाला दिली होती. भिंतीच्या बाहेर जो उभा आहे त्याच्या पाळ्या तो पहिल्या दिवसापासून मोजत आला आहे, आणि माझ्या किती उरल्या हे मी त्याला कधी विचारलेलं नाही.